घाटपांडे साहेबांचं खळं

घाटपांडे साहेबांचे उघडे पाय मी एकदाच पाहिले. साडेतीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तीही खाडीच्या कामावर, सगळा कारभार चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा. पण त्यांच्या पायातले काळे बूट आणि करडे मोजे काही निघाले नाहीत. होडीतून उतरायची वेळ आली की दोघे खलाशी काठापर्यंत फळी टाकायचे. फळी नसली तर साहेब होडीतच बसून पाहणी करायचे आणि वहीत ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली’ असं लिहायचे. हे लिहिताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असायचा की हसू आवरणं कठीण जाई. मी आवरायचो, कारण मला रत्नागिरी सोडून कुठे बदली नको होती.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं ऑफिस मांडवीला, समुद्राकडे पाठ करून बांधलेलं. खात्याचं नाव सांगत नाही. ते खातं अजून आहे आणि मला पेन्शन देतं. मी तिथे ट्रेसर होतो. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणायचं आणि शाईनं त्याच रेघा पुन्हा मारायच्या, हे माझं काम. त्यामुळे साहेबांच्या डोक्यातलं सगळं आधी माझ्या बोटांखालून जायचं. त्यात काही फार नसायचं.

नावातच घाट असल्यामुळे त्यांना वेगळं टोपणनाव ठेवायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पुण्याहून येताना ते दोन पत्र्याच्या ट्रंका, एक थर्मास आणि आमच्याविषयीचं मत घेऊन आले, आणि जाईपर्यंत तिन्ही सांभाळली. थर्मासात उकळलेलं पाणी असे. खिशात अत्तर लावलेला रुमाल. मासळी उतरायच्या वेळेला वारा आमच्या खिडकीकडे वळला की रुमाल नाकाला लागायचा आणि साहेब म्हणायचे, “रत्नागिरीला वास येतो हो.” तो वास जणू आम्ही सगळ्या स्टाफनं मिळून सोडलेला असावा, अशा नजरेनं ते आमच्याकडे बघायचे. बरोबर दहाला येत, साडेपाचला घड्याळाचा काटा बसायच्या आत टेबलावरची काच पुसून उठत. पाच एकतीसला कुणी त्यांना ऑफिसात पाहिल्याचं ऐकिवात नाही.

आणि एक वाक्य. “तुम्ही इथलेच ना?”

शिपायानं चांगले आंबे कुठे मिळतात ते सांगायला तोंड उघडलं की, “तुम्ही इथलेच ना? मग राहू द्या, बागवाला तुमचा मामा निघायचा.” ड्रायव्हर म्हणाला की हा रस्ता पावसात खचतो, की “तुम्ही इथलेच ना? मग तुम्हाला सगळे रस्ते खचलेलेच दिसणार.” आवाज चढलेला नसे. डॉक्टर जसा रोग्याला वय विचारतो तसं विचारायचे, आणि उत्तर ‘हो’ आलं की तुमचं बोलणं संपलेलं असायचं.

माझ्यावरही ही वेळ आली. खाडीत खुणेसाठी बांबू रोवायचे होते. मी म्हटलं, साहेब, खाऱ्या पाण्यात बांबूला कीड लागते, दोन महिन्यांत मुळाशी पोखरून पडेल, खैराचे खुंट घेऊ या. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“साळवी, तुम्ही इथलेच ना?”

“हो साहेब.”

“तेच. इथल्या माणसाला इथलं दिसत नाही. डोळ्यांना सवय झालेली असते. तुम्ही रेघ मारा. रेघ कुठून जाते ते मी बघतो.”

बांबू दोन महिन्यांत पडले. साहेबांनी वहीत ‘बांबू निकृष्ट’ असा शेरा मारला आणि नवे बांबू मागवले. त्या दिवसापासून मी ठरवलं की ह्या माणसाला आपणहून काही सांगायचं नाही. हा निर्णय मला तेव्हा फार बाणेदार वाटला होता.

आता एक गोष्ट कबूल करायलाच हवी. ठेकेदाराकडून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. आणि त्यांच्या आधीच्या साहेबांना खाडीतला गाळ म्हणजे काढून समुद्रात नेऊन टाकायची घाण एवढंच ठाऊक होतं; घाटपांड्यांना त्या गाळाचं काहीतरी करावंसं वाटलं. झालं असं की खाडीचं तोंड बुजत चाललं होतं, मोठ्या होड्या आत येईनात, म्हणून ड्रेजर आणून मधली वाट खोल करायची होती. त्या वाटेत चिखलाचा एक रुंद पट्टा आडवा येत होता. ओहोटीला उघडा पडणारा, भरतीला बुडणारा. नकाशावर त्याला नाव नव्हतं. खाडीकाठच्या भाट्ये गावातल्या पंचवीस-तीस बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत होत्या आणि टोपल्या डोक्यावर घेऊन गावात विकत होत्या. त्यांच्या घरच्या चुली त्या पट्ट्याच्या जिवावर पेटत. ड्रेजर आला की तो पट्टा जाणार, हे उघड होतं.

साहेब त्याच्या आदल्या वर्षी सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जपानला जाऊन आले होते. तिथे त्यांनी पाहिलं होतं, की उपसलेला गाळ फेकून न देता दुसरीकडे पसरून भरती-ओहोटीचा नवा पट्टा बनवतात. त्यात शिंपले वाढतात, पक्षी येतात. ते पाहून हा माणूस पार भारून आला. इथेही तसंच करायचं, असं त्यांनी वर लिहून लिहून मंजूर करून घेतलं. ज्यानं जन्मात एक तिसरी चाखली नाही, जो माशाच्या वासाला रुमाल लावतो, तो तिसऱ्यांचं घर बांधायला निघाला, याची आम्हाला कोण मजा वाटत होती! त्यांच्या टेबलाच्या खणात जपानची एक स्लाईड असायची. कधीकधी दुपारी ती उजेडाकडे धरून ते एका डोळ्यानं बघत बसायचे.

बायकांना समजवायला त्यांनी भाट्याच्या शाळेत स्लाईड दाखवल्या. भिंतीवर पांढरं धोतर लावलं होतं. त्यावर जपान दिसू लागला. करडा, गुळगुळीत चिखल, आणि त्यात गमबूट घातलेल्या बायका वाकून शिंपले उचलताहेत. आमच्या बायका फरशीवर बसून बघत होत्या. पुढे भागाबाय. भागाबाय म्हणजे त्या सगळ्यांची म्होरकी, पन्नाशीची, काटकुळी, तळपाय शिंपल्यांनी चिरून चिरून लाकडासारखे झालेले. तिनं सगळं नीट बघून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“सायब, ह्या बायका पान्यात उतरतात कवा?”

“कधी म्हणजे?”

“म्हंजे किती वाजता?”

साहेब हसले. “कामाच्या वेळेत. तिथे शिस्त आहे.”

भागाबायनं मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. ती म्हणाली, “आमच्या खाडीला ती शिस्त नाय सायब. तुमी तिथीची पाऊणपट करा आनि मंग काय ते बांधा.”

“बाई, पंचांगावर धरण बांधत नाहीत,” साहेब म्हणाले, आणि पुढची स्लाईड लावली.

तिथीची पाऊणपट म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं. आमच्याकडे शेंबडं पोरही हा हिशेब करतं. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि तिथून सहा तासांनी, भर बाराला, ओहोटी. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, आणि ओहोटी संध्याकाळी नि पहाटे साडेपाचच्या सुमाराला. यात आणखी एक मेख आहे. अष्टमीच्या आसपासचं पाणी भांगाचं. ते धड चढत नाही, धड उतरत नाही. पुनवेचं आणि अवसेचं पाणी उधाणाचं. ते उंच चढतं आणि खोल उतरतं. म्हणजे आमच्या खाडीची खरी ओहोटी, जिच्यात सगळा तळ उघडा पडतो, ती नेहमी पहाटे नाहीतर दिवेलागणीला येते. दुपारची ओहोटी कायम अर्धवट. ऑफिसच्या वेळेत खरी ओहोटी आमच्याकडे येतच नाही.

साहेबांनी मोजणी मात्र शास्त्रशुद्ध लावली. भरतीचं छापील कोष्टक दुसऱ्या बंदराचं होतं; ते त्यांनी बाजूला सारलं. “मी उसने आकडे घेत नाही,” म्हणाले. हेही खरं तर बरोबरच होतं. खाडीच्या पलीकडच्या अंगाला आकडे रंगवलेला एक खांब रोवला. रोज त्यावरचं पाणी वाचून लिहायचं काम गफूरभाईंवर आलं. गफूरभाई आमचे जुने खलाशी, तांडेलांच्या घरातले, दाढी पिकलेली, पाण्यावर जन्म गेलेला. दहाला हजेरीपटावर सही, मग होडी काढायची, अकराला खांबाशी पोचायचं. तिनाला परत निघायचं, नाहीतर जादा वेळेचा भत्ता द्यावा लागेल, आणि जादा वेळ मंजूर नव्हता. तेव्हा अकरा ते तीन, दर अर्ध्या तासाला एक आकडा, असं दोन महिने चाललं.

पहिल्याच पंधरवड्यात गफूरभाई वही घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभे राहिले. मी शेजारच्या टेबलावर होतो.

“सायब, मी तिनाला निघतंय तवा पानी अजून उतरतंच असतं.”

“तीनला जो आकडा असेल तो लिहिता ना?”

“तो लिहितंय. पन पानी थांबत नाय ना सायब तिनाला.”

“गफूरभाई, तुम्ही इथलेच ना?”

गफूरभाईंनी वही टेबलावर ठेवली, सलाम केला आणि बाहेर जाऊन विडी पेटवली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. दोन महिने इमानेइतबारे अकरा ते तीन लिहीत राहिले.

मग ते आकडे माझ्याकडे आले. साहेबांनी त्यातलं सर्वांत वरचं पाणी घेतलं, सर्वांत खालचं घेतलं, दोघांच्या मधोमध तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली. हीच नव्या पट्ट्याची उंची. गाळ पुढे दबेल म्हणून वर आणखी वीतभर वाढवली. मी कापड ताणलं, दौत उघडली, आणि आकड्यांच्या तक्त्याकडे बघता बघता माझा हात थांबला. वरचं पाणी पुनवेच्या दुपारचं होतं, म्हणजे उधाणाची पुरी भरती. खालचं पाणी मात्र भांगाच्या दिवसांतलं, दुपारचं, अर्धवट. साहेबांनी खाडीचा माथा खरा धरला होता आणि तळ खोटा. त्यामुळे त्यांची मधली रेघ चांगली हातभर वर सरकली होती. त्यावर ती वीत. भांगाच्या चार-पाच दिवसांत तिथे पाणी चढणारच नाही, हे मला खुर्चीत बसल्याबसल्या दिसलं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका निर्भेळ आनंद त्या ऑफिसात मला क्वचित झाला असेल. जपान, स्लाईडी, थर्मास, शिस्त, ‘तुम्ही इथलेच ना’, ह्या सगळ्याचं उत्तर त्या तांबड्या रेघेत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी ती रेघ शाईनं इतकी सुंदर मारली की साहेब खूश झाले. नकाशा हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्याकडे वळून विचारलं,

“साळवी, सगळं बरोबर आहे ना? तुम्हाला काही वाटतं का?”

आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं. आता कसं वाटतं, असं मनात म्हणत मी दौतीचं झाकण लावलं.

“हो साहेब,” म्हटलं, “बरोबर आहे.”

काम हिवाळ्यात सुरू झालं. जांभ्याच्या दगडांचा बुटका बांध घातला आणि ड्रेजरच्या नळातून करडा गाळ त्यात पडू लागला. गाळात निम्मी वाळू निघाली, त्यामुळे ती वाढीव वीत काही दबली नाही. साहेब रोज फळीवरून येऊन बांधावर उभे राहत आणि हाताच्या इशाऱ्यानं गाळ सपाट करून घेत. नकाशावर त्यांनी त्याला ‘प्रायोगिक कृत्रिम आंतरभरती पट’ असं नाव दिलं होतं. ते मी सुलेखनात लिहिलं. भाट्यात ते कुणाच्या जिभेला वळलं नाही.

आता राहिला प्रश्न तिसऱ्यांचा. नव्या गाळात जीव नव्हता. जुना पट्टा ड्रेजरच्या तोंडी जायला आठ दिवस उरले होते. साहेबांनी बायकांना सांगितलं, जुन्या पट्ट्यावरचं सगळं बी काढा आणि नव्यावर पेरा, दोन वर्षांत दुप्पट वेचाल. बी म्हणजे नखाएवढ्या बाळतिसऱ्या. एरवी बायका त्यांना हात लावत नसत, वेचताना सापडल्या तर परत चिखलात टाकत. भागाबाय बांधावर येऊन उभी राहिली, त्या उंचीकडे बघत राहिली.

“सायब, हे उच झालंय.”

“मोजून केलंय बाई.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “काय रं, तू साळव्यांचा ना? तू सांग, उच हाय का नाय?”

मी म्हटलं, “साहेबांनी मोजलंय.”

भागाबायला दुसरा मार्ग तरी कुठे होता? बी जुन्या पट्ट्यावर ठेवलं असतं तर ड्रेजरनं चिरडलंच असतं. दोन भांगांमधला तो उधाणाचा आठवडा त्या बायका पहाटे आणि संध्याकाळी जुन्या पट्ट्यावर उतरत होत्या आणि टोपल्याच्या टोपल्या बी आणून नव्या गाळात पसरत होत्या. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी तिथे आणलं. चैत्रातली पुनव होती. उधाणाची भरती दुपारी पट्ट्यावरून कमरेएवढी गेली. साहेबांनी फोटोग्राफर बोलावून बांधावर उभं राहून फोटो काढवला. मागे नुसतं पाणी चकाकत होतं. त्या फोटोत मीही आहे, कडेला, हातात गुंडाळलेला नकाशा.

आठ दिवसांनी अष्टमी आली. पाणी बांधाच्या पायाशी आलं आणि तिथूनच मागे फिरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चैत्राचं ऊन काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी गाळाला भेगा पडल्या. बायका कळशा डोक्यावर घेऊन खाडीचं पाणी आणून त्यावर ओतत होत्या. तेवढ्या जागेवर कळशांनी काय होणार! पाचव्या दिवशी वास सुटला. लाखो तिसऱ्या तोंडं उघडून पडल्या होत्या. तो वास मांडवीपर्यंत आला, आमच्या खिडकीतून आत आला. साहेबांनी रुमाल काढला, नाकाशी नेला, आणि मग का कोण जाणे, घडी करून परत खिशात ठेवला.

त्यांनी अहवाल लिहिला. ‘तीव्र उष्म्यामुळे प्रारंभिक मर.’ मी तो टाईप होताना पाहिला आणि मला पुन्हा एकदा त्यांची कीव आली, जी तुच्छतेचीच सोज्ज्वळ बहीण. पण रात्री मी अर्ध्या जेवणावरून उठलो. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, वास डोक्यात बसलाय.

वैशाख लागला. बायकांनी मेलेल्या शिंपल्या झाडून कडेला लोटल्या. जागा सपाट होती, कडक झालेली, उन्हातली, भांगाच्या दिवसांत पाणी न लागणारी. त्यांनी तिथे सुकी मासळी वाळत घालायला सुरुवात केली. घरापुढचं खळं जसं चोपून गुळगुळीत करतात तसंच ते दिसायचं, म्हणून भाट्यात त्याला ‘सायबाचं खळं’ म्हणू लागले. उधाणाच्या दिवसांत भरती यायच्या आत मासळी उचलायची, पाणी ओसरलं की परत पसरायची. हे नाव ऑफिसात पोचलं तेव्हा आम्ही टेबलं बडवून हसलो. तिसऱ्या वेचणाऱ्या बायका आता दुसऱ्यांच्या होड्यांवरची मासळी रोजावर वाळवत होत्या, हे कुणी बोलून दाखवलं नाही. त्यातल्या सात-आठ जणी तर आंब्याच्या बागांत पेट्या भरायला गेल्या त्या परत खाडीवर आल्याच नाहीत.

मग एक दिवस भागाबाय ऑफिसात आली. शिपाई अडवत होता, ती सरळ साहेबांच्या टेबलाशी गेली. त्यांच्या टेबलाच्या काचेवर तिनं एक उघडी शिंपली ठेवली. रडारड नाही, शिव्या नाहीत. मी शिव्यांची वाट बघत होतो.

“सायब, येत्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सा वाजता खाडीवर या. होडी नको, फळी नको. चालत या. खाली उतरून बगा.”

“काय बघायचं?”

“खाडी.”

ती गेली. साहेबांनी शिंपली उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि खणात स्लाईडीच्या शेजारी ठेवली. साडेपाच वाजले होते. पावणेसहापर्यंत ते तसेच बसून होते.

वैशाखी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला आणि गफूरभाईंना बोलावलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. साहेब आधीच येऊन खळ्याच्या बांधावर उभे होते, बूट घालून. हातात वही होती. पाणी उतरत होतं. खांबावरचा शेवटचा आकडा, जो त्यांनी सर्वांत खालचा म्हणून धरला होता, तो कधीच उघडा पडला होता, आणि खांबाच्या खालचा, आकडे न रंगवलेला भाग शेवाळासकट दिसत होता. पाणी अजून सरकत होतं.

“अजून उतरेल?” त्यांनी विचारलं.

“आता कुटं सायब,” गफूरभाई म्हणाले. “अर्धा तास हाय अजून.”

साहेबांनी वही माझ्याकडे दिली. बांधावर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत कोंबले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय पांढरेफटक होते, वर्षानुवर्षं ऊन न लागलेले, मोज्यांच्या रबराचे वळ उठलेले. मी बघत राहिलो. हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

ते चिखलात उतरले आणि पाण्यामागून चालू लागले. दर दहा पावलांना थांबत, पाणी आणखी पुढे गेलेलं असे, पुन्हा चालत. एकदा पाय रुतला तेव्हा गफूरभाईंनी हात दिला, तो त्यांनी धरला. खाडीचा सगळा तळ उघडा पडला होता. काळा, लकाकणारा, चिंबोऱ्यांच्या भोकांनी भरलेला, नजर पुरेल तिथवर. मधोमध ड्रेजरनं कोरलेल्या वाटेत पाणी उरलं होतं, आणि जुना पट्टा जिथे होता तिथे नुसती उभी कड होती. त्या कडेशी साहेब थांबले आणि मागे वळले. तिथून त्यांचं खळं दिसत होतं. चांगलं डोक्यावर, रात्रीचं पाणी कधीच निथळून गेलेलं, वर नुकतीच पसरलेली मासळी. भागाबाय खळ्याच्या टोकाला मासळी पसरत होती, दुपारच्या उधाणाआधी मिळेल तेवढ्या उन्हासाठी. तिनं काम थांबवलं होतं.

साहेब हळूहळू परत आले. पिंढऱ्या चिखलानं माखल्या होत्या. बांधाशी येऊन त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, उघडली, काही न लिहिता मिटली. मग माझ्याकडे पाहिलं. नेहमीचाच शांत आवाज होता.

“साळवी, तुम्ही इथलेच ना?”

“हो,” मी म्हटलं.

पुढचं वाक्य यायची मी वाट पाहिली. साहेबांनी बूट उचलले, काखेत धरले आणि अनवाणीच रस्त्याकडे चालू लागले. गफूरभाई त्यांच्या मागे गेले. पावसाळ्याआधी साहेबांची बदली झाली, पण माझ्यापुरते ते त्या सकाळीच गेले. मी बांधावर उभा होतो. भागाबाय बघत होती, ती साहेबांकडे नाही. माझ्याकडे.